कार्तिकात न दिसलेली वाट

माझ्या हाताने काढलेले नकाशे जिल्हाभर पसरलेत आणि त्यांतल्या एकावरही माझं नाव नाही. संपादकांनी फोनवर बजावलंय, ‘दिवाळी अंक आहे, जरा आनंदाचं लिहा.’ लिहितो. पण हे एवढं आधी बोलून मोकळा होतो, म्हणजे मध्ये मध्ये सारखं येणार नाही. (येईल. मला माझा स्वभाव माहीत आहे.)

नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. मोजणी कुणी केली, काढला कुणी, तपासला कुणी, हे तिच्यात छापतात. तिथे नाव असतं इंजिनिअरचं, कारण डिप्लोमा त्याच्याकडे असतो. करवंदीच्या जाळीत पँट फाडून घेतलेला माणूस त्या चौकटीत मावत नाही. एका इंजिनिअरसाहेबांना मी म्हटलंसुद्धा, ‘साहेब, खाली बारीक अक्षरात तरी घाला.’ ते म्हणाले, ‘बारीक अक्षर वाचतं कोण?’ मी म्हटलं, ‘माझी बायको वाचेल.’ ते हसले आणि चहा सांगितला. चहा आला, नाव काही आलं नाही.

मी मूळचा कबनूरचा. घरात दोन माग होते. एक वडील चालवायचे, एक थोरला भाऊ. तिसऱ्या माणसाला तिसरा माग नव्हता, म्हणून मी कोल्हापुरात एका मोजणीदाराकडे साखळी ओढायला लागलो. साखळी म्हणजे खरोखरची लोखंडी साखळी. एक टोक एकाने धरायचं, दुसरं दुसऱ्याने, आणि रान मोजत जायचं. मग हाताखाली टेबल आला. तिपाईवर एक सपाट फळी, तिच्यावर कागद, आणि समोरचा डोंगर तिथल्या तिथे कागदावर उतरवायचा. पुढे दुर्बिणीचं यंत्र आलं, मग उपग्रहाला विचारून जागा सांगणारं आलं, आता ड्रोन आहे. सगळी यंत्रं मी भांडून घेतली आणि पडून-झडून शिकलो. डिप्लोमा तेवढा राहिला.

लोकांना वाटतं, मोजणी म्हणजे जमिनीची लांबी-रुंदी. माझा खरा धंदा उंचीचा. डोंगराच्या नकाशावर बोटांच्या ठशासारख्या वेड्यावाकड्या रेषा असतात, त्या बघून भलीभली माणसं गप्प होतात. त्यात अवघड काही नाही. चरणारी म्हैस चढावर कधी सरळ चढत नाही, डोंगराला आडवी चालते. रोज त्याच पातळीवरून चालून तिच्या खुरांनी उतारावर बारीक पायऱ्या पडतात. लांबून बघा, डोंगरावर कुणीतरी रेघा मारल्यासारख्या दिसतात. त्याच कागदावर घेतल्या की झाला उंचीचा नकाशा. दोन रेघा जवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की माळ. म्हशीला हे कुणी शिकवलेलं नाही, आणि तिच्याकडेही डिप्लोमा नाही.

गिऱ्हाइकांचे मासले सांगायला बसलो तर अंक पुरणार नाही. एकजण उसाला पाणी न्यायला टेकडीवरून पाइपलाइन टाकणार होता. मी काढलेला नकाशा बघून म्हणाला, ‘टेकडी जरा खाली घ्या की, पावणं. बँकेला दावायचा हाय.’

मी म्हटलं, ‘टेकडी मी घातलेली न्हाय. काढणारबी न्हाय.’

‘पैसं जादा घ्या.’

‘पैशानं पाणी चढतंय व्हय?’

तो तणतणत गेला. आठवड्याने परत आला आणि दुसऱ्या बाजूने लाइन कशी नेता येईल ते विचारून गेला. एवढं सांगायचं कारण, जे आहे ते काढायचं आणि जे नाही ते काढायचं नाही, ह्याची मला घमेंड होती. चूक दुसरे करतात असं माझं मत होतं. ते मत म्हसोंडीच्या खोऱ्यात उतरलं, त्याची ही हकीकत.

गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका संस्थेने मला बोलावलं. त्यांना जिल्ह्यातल्या जुन्या जागांचं दालन करायचं होतं आणि त्यात एका खोऱ्याचा भिंतभर नकाशा लावायचा होता. म्हसोंडीचं खोरं आजऱ्याच्या पलीकडे, डोंगरात आहे. खाली थोडं भात, मधल्या उतारावर काजू आणि वर धनगरवाडा. हे धनगर मेंढरांचे नव्हेत, म्हशींचे. डोंगरावर म्हशी राखायच्या, दूध-तूप खाली बाजारात न्यायचं, असं त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. संस्थेच्या हाती ह्या खोऱ्याचा संस्थानी काळातला एक नकाशा लागला होता. तो, त्यानंतरचा सरकारी आणि आज मी काढायचा तो, असे तीन नकाशे एकावर एक ठेवायचे होते. कुरण कुठे होतं, रान कुठे सरकलं, वाटा कुठल्या राहिल्या, हे बघणाऱ्याला एका नजरेत दिसावं असा त्यांचा बेत होता.

दर ठरवायला तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत मी दोनदा खुर्चीवरून उठलो आणि एकदा दारापर्यंत गेलो. दारापर्यंत जाणं हे घासाघिशीतलं नाजूक काम आहे. फार सावकाश गेलं तर ते खोटं वाटतं, फार तावातावाने गेलं तर खरंच बाहेर पडावं लागतं. मी बरोबर उंबऱ्यावर असताना मागून हाक आली. दर माझा ठरला. शिवाय चौकटीत माझं नाव घालायचंही कबूल झालं. त्या संध्याकाळी मी घरी पेढे नेले.

जुना नकाशा भिंगातून बघितला तेव्हा मी अर्धा तास बोललो नाही, आणि मी न बोलणं ही आमच्या ऑफिसात बातमी असते. कुणीतरी टेबल खांद्यावरून वर नेऊन, एकेक चढ पायाखाली घालून तो काढला होता. त्याचंही नाव कुठे नव्हतं. झरे होते, देवाचा दगड होता, म्हशी बसायची झाडंसुद्धा होती. आणि धनगरवाड्यापासून निघून खिंडीतून पलीकडे गेलेली एक तुटक रेघ होती. नकाशात एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. ही एकेरी होती आणि ती एका कोंडीपाशी थांबत होती. कोंड म्हणजे कातळात साठलेला खोल डोह. रेघेच्या अंगाला मोडीत काही लिहिलं होतं, ते मी जाणत्याकडून वाचून घेतलं : ‘म्हसवाट. कोंडीस बारमाही पाणी.’

त्या खोऱ्यात मी आठ-नऊ वर्षांपूर्वी एकदा गेलो होतो. खालच्या अंगाने, काजू लावायला काढलेल्या एका जमिनीची मोजणी करायला. दोन दिवसांचं काम होतं. त्यातलं मला फारसं काही आठवत नव्हतं.

धनगरवाड्यावर सात घरं. पहिल्याच अंगणात एक बाई धार काढत बसली होती. पन्नाशी उलटलेली, उंच, पाठ ताठ. तिचं नाव बमाबाई. आमच्या सीमेकडच्या रिवाजाने मी तिला अक्का म्हटलं आणि पुढे ती माझी बमाक्काच झाली.

‘अक्का, नकाशा काढायला आलोय. सगळ्या खोऱ्याचा. जुनी ठिकाणं दाखवायला कुणीतरी पाहिजे. रोजची हजेरी देतो, रोख.’

तिने धार थांबवली नाही. ‘हजेरी नगं. मी समदं दावतो. झरं, देव, म्हशीची बसायची जागा, समदं. पर आधी खिंडीची वाट चालायची. म्हशीमागनं. पायी.’

‘पायी कशाला? वरून ड्रोन सोडतो की.’

‘भुंग्यावानी वरडतंय त्ये? म्हशी आटवायच्या हायत व्हय आमच्या?’

मी म्हटलं, अर्ध्या वाटेपर्यंत येतो. ती न्हाय म्हणाली. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी चालतो. ती न्हाय म्हणाली. मी आवाज चढवला, तेव्हा तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, जरा हसली आणि परत न्हाय म्हणाली. आयुष्यात मला तसूभर सरकवता न आलेली ही दुसरी बाई. पहिली घरात आहे.

तर मी म्हशीमागून चाललो. वाटेने दोन ठिकाणी घसरलो, एकदा शेणात बसलो. खिंडीच्या तोंडाशी गेलो तर पुढे सिमेंटचे खांब आणि काटेरी तारांच्या पाच ओळी. म्हशी तारेला नाक लावून उभ्या राहिल्या. पलीकडे काजूच्या बागेची एक पट्टी होती आणि तिच्याखाली, ढेकूळ टाकलं तर पोचेल इतक्या जवळ, कोंडीचं पाणी चमकत होतं.

‘ही वाट तुमच्या कागदावर काढा,’ बमाक्का म्हणाली. ‘हजेरी ती.’

फाल्गुन सरला की वाड्यावरचा झरा आटतो. मग आधार ह्या कोंडीचा. पूर्वी खिंड ओलांडली की म्हशी पाण्यात. तारा आल्यापासून डोंगराला वळसा घालून खालच्या ओढ्यावर जावं लागायचं. सकाळी निघालेली म्हैस दुपारी पाण्याला लागायची आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा तहानलेली असायची. असे तीन उन्हाळे गेले होते. सातातल्या दोन घरांनी म्हशी विकल्या होत्या. एक घर कुलूप लावून इचलकरंजीला गेलं होतं.

‘आनि एक उन्हाळा असा गेला की आमीबी इकनार,’ ती म्हणाली. ‘म्हशी गेल्याव मानसानं हितं काय करायचं? वारं मोजायचं?’

बाग हुपरीच्या बाबूशेठची होती. चांदीच्या पैंजणांचा धंदा, हौसेने काजू लावलेला. पहिल्याच वर्षी म्हशींनी त्यांची शंभरेक रोपं चावून टाकली. त्यांनी चिडून कुंपण घातलं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही घातलं असतं. धनगरांनी तहसीलदारांकडे वाट मोकळी करायचा अर्ज दिला. बाबूशेठनी उत्तरादाखल जमिनीचा नकाशा जोडला. तो मागच्या मालकाने करून घेतला होता आणि जमिनीबरोबर त्यांच्याकडे आला होता. त्यात वाट नव्हती.

बमाक्काने पत्र्याच्या डब्यातून त्याची प्रत काढून माझ्या हातात दिली. मी ती उलगडली आणि माझी नजर उत्तरेच्या बाणावर गेली. हा बाण मी जरा जाड काढतो, शेपटीला दोन फाटे देतो. जिल्ह्यात दुसरं कुणी देत नाही. खाली चौकटीत इंजिनिअरचं नाव, इंजिनिअरची सही, आणि मोजणीची तारीख नोव्हेंबरातली, म्हणजे कार्तिकातली.

आयुष्यभर शिव्या दिलेल्या त्या चौकटीबद्दल मला त्या क्षणी इतकं प्रेम वाटलं की काय सांगू.

मी प्रत घडी करून परत दिली आणि शक्य तितक्या सहज विचारलं, ‘अक्का, कार्तिकात ही वाट कशी दिसते?’

‘कार्तिकात? दिसतच न्हाय. निजल्याली असती.’

‘म्हणजे?’

‘पाऊस लागला की आमी वाट निजवतो. खिंडीत कातळ हाय, पावसाचं म्हशीचं पाय सरकत्यात. आनि तिकडचं गवत उन्हाळ्याला राखायचं असतंय. म्हणून करवंदीच्या फांद्या लावून खिंड बांधतो. शिमगा झाला की फांद्या काढतो, नारळ फोडतो, वाट उठवतो. आमच्या आज्या-पणज्याचं हाय हे. आता तारंनंच कायमची निजवलीया, फांद्या लागत न्हाईत.’

मग मला सगळं आठवलं. कार्तिक होता. गवत छातीला लागत होतं. खिंडीत काट्याकुट्यांचं बांधलेलं कुंपण होतं आणि मी मनाशी म्हटलं होतं, बंद आहे, वाट नाही. कुणाला विचारलं का नाही, तेही आठवलं. त्या सकाळी माळावर एका म्हशीने माझी तिपाई यंत्रासकट पाडली होती. नवं यंत्र. मी म्हशीला आणि तिच्या मागच्या बाईला असं काही फैलावर घेतलं होतं, की त्यानंतर त्या डोंगरावरचं एकही माणूस माझ्याजवळ फिरकलं नाही. विचारणार कुणाला?

नकाशा खोटा नव्हता. जे दिसलं ते मी काढलं होतं. पण नकाशा काढताना डोंगर कार्तिकात होता आणि नकाशा मात्र बारा महिने वापरायचा होता. त्या जुन्या माणसाने भर उन्हाळ्यात टेबल लावला असणार आणि म्हशी पाण्याला जाताना डोळ्यांनी बघितल्या असणार. माझ्याकडे उपग्रह होता, त्याच्याकडे चैत्र होता.

मी कुणाला काही बोललो नाही. स्वतःला समजावलं, की नव्या नकाशात वाट घालू, जुन्यातही आहे, दोन विरुद्ध एक, काम होईल. तरी कोल्हापूरला आल्यावर माळ्यावरून त्या वेळची टिपणवही शोधून काढली. मोजताना जागेवर जे दिसतं ते ह्या वहीत लिहायचं असतं. ती वही मी पिशवीत टाकली आणि तीन आठवडे तशीच घेऊन हिंडलो. बायकोने विचारलं, ‘रोज ती वही कशाला नेताय?’ मी तिच्यावर खेकसलो. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही, पण डब्यात भाजी कमी यायला लागली.

माघात स्थळ पाहणी लागली. मंडल अधिकारी बाई खिंडीत आल्या. वय लहान, पण जरब होती. एका बाजूला वाड्यावरची माणसं, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कपड्यांतले बाबूशेठ, मध्ये खडकावर तीन नकाशे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. संस्थेच्या वतीने मला जुना नकाशा दाखवायला बोलावलं होतं.

‘मॅडम, जुन्या काळात वाट असंल,’ बाबूशेठ म्हणाले. ‘मी न्हाय म्हणत न्हाय. पण मधी बंद पडली. हा नकाशा बघा, इंजिनिअरच्या सहीचा. ह्यात वाट कुठं हाय?’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. ‘जुन्या नकाशात वाट आहे, तुमच्या नव्या नकाशात आहे, आणि ह्या मधल्यात नाही. म्हणजे ह्या इंजिनिअरनी चुकीचं काढलं, असं तुमचं म्हणणं आहे का?’

वाचकहो, हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी उभा जन्म वाट बघत होतो. सगळ्या पंचांसमोर, सरकारी कागदावर, इंजिनिअर चुकला. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. तोंडही उघडलं. समोर बमाक्का एका म्हशीच्या पाठीवर हात टाकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती, ओळखीचं माणूस बघावं तशी.

मी म्हटलं, ‘इंजिनिअर इथे आलेच नव्हते. तो नकाशा माझा आहे.’

बाबूशेठ उसळले. ‘म्हंजे चुकीचा नकाशा काढलासा व्हय?’

‘चुकीचा न्हाय. कार्तिकातला.’

आणि मी सगळं सांगितलं. गवत, काटे, निजवलेली वाट, न विचारणं. सांगून झाल्यावर वाड्यावरच्या माणसांकडे बघायचं माझ्याने होईना. बमाक्का म्हणाली, ‘आमाला ठावं हाय की.’

‘काय ठावं आहे?’

‘तुमीच त्ये. माझ्या म्हशीला ज्या शिव्या दिल्यासा, त्या अजून वाड्यावर कुनाला येत न्हाईत. त्या दिशी अंगनात आवाज चढवलासा, तवाच वळखलं.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘बोललो असतो तर पळाला असतासा. मग वाट कुनी काढायची?’

मंडल अधिकारी बाईंनी हसू दाबलं. बाबूशेठनी मात्र बरोबर माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. ‘तुमच्या बोलण्याला काय किंमत हाय? नकाशावर सही हाय का तुमची? नाव हाय का? उद्या कोनबी येऊन म्हणंल, मी काढला.’

मी पिशवीतून वही काढून बाईंच्या हातात दिली. त्यांनी पानं उलटली आणि मोठ्याने वाचलं, ‘खिंडीत करवंदीच्या फांद्यांचे कुंपण. गवत छातीभर. वाट नाही.’ मग थांबल्या. त्याच्या वरची ओळ मनात वाचली. तिथे तिपाई पडल्याची नोंद होती आणि तिच्यापुढे म्हशीच्या खानदानाबद्दल दोन शब्द होते. बाई म्हणाल्या, ‘अक्षर आणि भाषा दोन्ही तुमचीच दिसतात,’ आणि वही पंचनाम्याला जोडून घेतली. अजून परत मिळालेली नाही.

आता बाबूशेठ अडले होते, पण झुकले नव्हते. ‘अपील करतो,’ म्हणाले. अपील म्हणजे आणखी दोन उन्हाळे. इथे माझा धंदा नव्हे, स्वभाव कामाला आला. मी जुना नकाशा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

‘शेठ, तुमची जीप बागेत कुठनं येते?’

‘खालच्या गायरानातनं.’

‘ती वाट दाखवा बघू ह्यात.’

त्यांनी बोट फिरवलं आणि थांबवलं. तिथेही तुटक रेघच होती.

‘कागद एकच, शाई एकच,’ मी म्हटलं. ‘म्हशींची रेघ मेली म्हणालासा तर जीपची जिवंत कशी ठेवायची? मग जीप डोक्यावरनं आणा.’

बाबूशेठ खडकावर बसले. चांदीतली माणसं बाजार कधी संपला हे ओळखतात. थोड्या वेळाने म्हणाले, ‘माझी रोपं खाल्ली तर?’

‘दोन्ही अंगांनी तार ओढा, मधे वाट सोडा. म्हैस आत शिरणार न्हाय.’

‘किती सोडू? चार हात सोडतो.’

‘दहा,’ मी म्हटलं.

‘दहा हातात लग्नाची वरात जाईल!’

आमचं आठ आणि सहावर आलं आणि तिथे रुतलं. मी आवाज चढवला, त्यांनी चढवला. बमाक्का कंटाळून उठली, दोन म्हशी हाकलत आणल्या आणि शेजारी शेजारी उभ्या केल्या. एक तिची थोरली, चंद्री. आमच्याकडच्या म्हशींची शिंगं मागे खांद्यापर्यंत जातात, चंद्रीची बाहेर फाकलेली. ‘एक जाताना, एक येताना. हितनं तितं मोजा,’ ती म्हणाली. मी वाकून टेप लावला. एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्या म्हशीच्या पलीकडच्या शिंगापर्यंत. बाईंनी पंचनाम्यात मीटरमध्ये आकडा लिहिला. तो कुठून आला, हे त्यात नाही.

ह्याची झळ मला बसलीच. ते इंजिनिअरसाहेब महिनाभर फोन उचलेनात. पुढे त्यांना डोंगरातलं एक काम आलं आणि वर चढणारा दुसरा कुणी मिळेना, तेव्हा आमचं जुळलं. संस्था मात्र बिचकली. ज्याने स्वतःची चूक सरकारी पंचनाम्यात लिहून दिली त्याचं नाव दालनातल्या नकाशावर बरं दिसत नाही, असं त्यांच्या समितीचं मत पडलं. मी दारापर्यंत गेलो. हाक आली नाही. परत आत आलो आणि म्हटलं, नाव ऱ्हाऊ द्या, पण खुणांच्या यादीत एक ओळ माझी पाहिजे. समितीतले एक जण म्हणाले, नकाशाच्या खुणांत महिने लिहीत नसतात. त्यावर मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. पण ओळ आहे. जाऊन बघा. तुटक रेघेपुढे छापलंय : ‘म्हसवाट. शिमग्यापासून पावसापर्यंत उघडी. एरवी दिसत नाही.’

शिमगा झाल्यावर वाट उठवायला मला बोलावणं आलं. बाबूशेठही आले होते. त्यांनी तारा चोख ओढल्या होत्या. मी आदल्या दिवशी जाऊन बागेतल्या वाटेच्या कडेने हद्दीचे दगड रोवले होते. एका अंगाला सहा, दुसऱ्या अंगाला सहा, पांढरा चुना, लाल टोकं. ओळ अशी सरळ, की बघत राहावं. नारळ फुटला. बमाक्काने चंद्रीला पुढे घातलं.

चंद्री पहिल्या दगडापाशी आली आणि थांबली. फुरफुरली. दोन पावलं मागे सरली. मागच्या सगळ्या म्हशी एकमेकींवर चढल्या.

‘बघा,’ बाबूशेठ म्हणाले, ‘म्हशीलाच वाट नको झालीया.’

‘गप ऱ्हावा ओ,’ बमाक्का म्हणाली आणि माझ्याकडे वळली. ‘पावणं, तुमचं दगड बगून बिचकायलीया. काढा ते.’

‘हद्दीचे दगड काढत नसतात, अक्का. गुन्हा आहे.’

‘मग म्हशीला कागूद वाचून दावा.’

ऊन चढायला लागलं. म्हशी जीभ काढून उभ्या. खाली पाणी, वर आम्ही सगळे शहाणे. शेवटी बमाक्का वाकली, ताज्या शेणाचा गोळा उचलला आणि माझ्या पांढऱ्याशुभ्र दगडावर थापला. चारी बाजूंनी सारवून काढला, समोरच्या अंगाचा त्याचा जोडीदारही. चंद्रीने नाक लावलं, एक शिंक दिली आणि दगड ओलांडून पुढे गेली. दुसऱ्या जोडीपाशी परत थांबली.

बमाक्काने माझ्याकडे बघितलं. मी बाह्या वर केल्या. बाबूशेठ हसायला लागले.

‘हसताय काय?’ मी ओरडलो. ‘तुमच्या अंगाचे सहा तुम्ही घ्या.’

‘दगड तुमचे.’

‘कुंपण तुमचं.’

‘चार घेतो.’

‘सहा!’

‘पाच,’ म्हणत त्यांनी बोटांतल्या अंगठ्या काढून खिशात टाकल्या आणि वाकले.

एक दगड त्यांचा, एक माझा, असे आम्ही खाली उतरत गेलो. चंद्री प्रत्येक जोडीपाशी थांबून, वास घेऊन, पुढे. चौथ्या जोडीपाशी वाऱ्यावरून तिला पाण्याचा वास आला असावा. तिने आमच्यासाठी थांबणं सोडलं आणि शेपूट उचलून धावत सुटली. तिच्यामागून बाकीच्या, आम्हाला दोघांना तारेवर रेटत. कोंडीत पहिल्या म्हशीने अंग टाकल्याचा आवाज वर आला, तेव्हा माझ्या अंगाचे दोन दगड अजून पांढरेच होते.